कोपरी : पाण्याकडे तोंड असलेलें गांव

कोपरी हें नांव अलीकडे महाराष्ट्रांतील वाचकांच्या कानीं वारंवार पडूं लागलें आहे. कोपरी-पाचपाखाडी या मतदारसंघाचे आमदार श्री. एकनाथ शिंदे हे ३० जून २०२२ रोजीं राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हांपासून तर तें घरोघरीं पोंचलें. परंतु नांव पोंचलें म्हणजे गांव पोंचलें असें नव्हे. ठाण्याच्या स्टेशनावर पूर्वेच्या बाजूस उतरणाऱ्या हजारों माणसांस आपण एका जुन्या गांवाच्या शिवेंत पाऊल टाकीत आहों याची जाणीवही नसते. वाशीजवळ याच नांवाचें दुसरें एक गांव आहे, व डोंबिवलीलगत कोपर आहे. येथें जिची हकीकत सांगावयाची ती कोपरी साष्टी बेटाच्या पूर्व कडेची, ठाणें स्टेशन व ठाण्याची खाडी यांच्यामधील पट्ट्यांतली होय.

गांवाचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर त्याचें तोंड कोणीकडे आहे हें आधीं पाहावें. देशावरचें गांव वेशीकडे पाहतें. कोपरीचें तोंड मुळांत खाडीकडे. ही खाडी सुमारें २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेस ती रुंद होत मुंबईच्या बंदरांत मिसळते, आणि उत्तरेस ठाण्यापाशीं नदीसारखी चिंचोळी होऊन एका फांट्यानें उल्हास नदीच्या पाण्यास मिळते. या दोन पाण्यांनींच साष्टीला बेट करून ठेविलें आहे. दिवसांतून दोन वेळां समुद्र या वाटेनें गांवाच्या दारीं येतो व दोन वेळां परत जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, तेव्हां मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याची चढउतार १५ फुटांच्या घरांत जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हां ती पुष्कळच कमी होते. आपल्या घरांत पंचांग व्रतवैकल्यांसाठीं उघडलें जातें. कोळ्याच्या घरीं तिथि ही पोटापाण्याची बाब आहे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीचा तास निघतो, हा कोंकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. खाडीच्या माथ्याशीं पाणी त्यानंतर कांहीं वेळानें चढतें.

या काठची जुनी वस्ती कोळी व आगरी यांची. मासळी, मीठ आणि भात हे त्यांचे तीन आधार, आणि तिन्ही खाडीनें दिलेले. चिखलांत निवट्या व चिंबोऱ्या, पाण्यांत कोळंबी, बोय आणि भाग्य असल्यास जिताडा. तिवरांच्या झाडीची गर्दी काठ धरून ठेवी आणि माशांच्या पिलांस आसरा देई. मीठ पिकविण्याची रीत साधी पण कष्टाची. भरतीचें पाणी उघाडीवाटे आंत घ्यावयाचें, एका खणांतून दुसऱ्या खणांत फिरवून उन्हानें आटवावयाचें, आणि शेवटच्या उथळ खणांत खडे धरले कीं ओढून त्यांच्या राशी घालावयाच्या. ठाणें पूर्वेंतील मीठबंदर रस्ता आजही आपल्या नांवानेंच या धंद्याची साक्ष देत आहे. भातासाठीं रीत उलटी. तेथें बांध घालून खारें पाणी अडवावयाचें, पावसानें जमिनींतील क्षार धुवून निघाले कीं लावणी करावयाची. बांध फुटला तर पाणी कोणाचें शेत कोणतें हें विचारीत नाहीं. म्हणून बांध राखणें हें एकट्याचें काम कधींच नव्हतें. अशा गांवांतील एकोप्याचें मूळ उपदेशांत नसून या बांधांत आहे.

ठाण्यास पुरातन काळापासून जें महत्त्व आलें तेंही याच पाण्यामुळें. शिलाहार राजांच्या लेखांत ठाणें ‘श्रीस्थानक’ या नांवानें येतें. अरिकेसरी राजाचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ मधील ताम्रपट १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चाललें असतां सांपडला. तो किल्ला पोर्तुगीजांनीं १७३० सालीं खाडीवर नजर ठेवण्यासाठीं बांधावयास घेतला, १७३७ सालीं तो मराठ्यांनीं जिंकला, आणि १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं घेतला. तिन्ही सत्तांस ठाणें हवें होतें, कारण ज्याच्या हातीं खाडी त्याच्या हातीं साष्टीचें दार.

हें दार शनिवार, ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं फिरलें. त्या दिवशीं तिसरे प्रहरीं बोरीबंदराहून १४ डबे व सुमारें ४०० पाहुणे घेऊन निघालेली आगगाडी २१ मैलांची मजल संपवून ठाण्यास पोंचली. पुढील वर्षीं, १८५४ सालीं, लोखंडी मार्ग खाडी ओलांडून कल्याणास गेला. हिंदुस्थानच्या इतिहासांत हा मोठा दिवस खरा. पण कोपरीच्या दृष्टीनें पाहिलें तर त्या दिवसापासून गांव व शहर यांच्यामध्यें रुळांची एक रेघ आली. शेजारचा चेंदणी कोळीवाडा तर रुळांच्या दोहों अंगांस विभागला गेला. पुढें १८६३ सालीं नगरपालिका झाली, १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. कचेऱ्या, बाजारपेठ, कोपिनेश्वराचें देऊळ, मासुंद्याचा तलाव हें सारें रेघेच्या पश्चिमेस. कोपरी मात्र ‘पलीकडे’ राहिली.

रेल्वेनें कोपरीचें वाईटच केलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. तिच्यामुळें नोकरी आली, शिक्षण हातांशीं आलें, नवी वस्ती झाली. परंतु ज्या गांवाची सारी ये-जा होडीनें व बंदरावरून व्हावयाची तें हळूहळू स्टेशनाकडे तोंड करून बसलें, आणि खाडी परसदारीं गेली. घराच्या परसदारीं जें जातें त्याची काय अवस्था होते, हें गृहिणींस सांगावयास नको.

फाळणीनंतर सिंध प्रांत सोडून आलेलीं कुटुंबें कोपरींत वसलीं आणि तेथें सिंधी वसाहत उभी राहिली. वरवर पाहतां कोळी व सिंधी यांत साम्य तें कोणतें? पण दोन्ही समाजांची भक्ति पाण्याशीं जडलेली आहे. कोळी श्रावणी पौर्णिमेस सागरास नारळ वाहतो. सिंधी माणसाचा झुलेलाल माशावर आरूढ झालेला, सिंधूच्या पाण्यांतून प्रकटलेला, आणि त्याच्या उत्सवांत पाण्याकाठीं ज्योत नेऊन पूजा करितात. शिमग्याची होळी, चैत्रांत कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा, लग्नांत धवलारणीनें गाइलेले धवळे हें आगरी-कोळ्यांचें जुनें धन. चेटीचंड हें नव्या शेजाऱ्यांचें. भाद्रपदांत तर साऱ्याच ज्ञातींचे गणपति मीठबंदराच्या वाटेनें खाडीकडे जातात. वर्षांतून तेवढे दिवस तरी गांवाचें तोंड पुन्हां पाण्याकडे वळतें.

उरलेल्या दिवसांचें काय, हाच खरा प्रश्न आहे. १९६० नंतर खाडीच्या पूर्व काठीं ठाणें-बेलापूर पट्ट्यांत कारखाने उभे राहिले, दोन्ही काठांच्या शहरांचें सांडपाणी खाडींत येऊं लागलें, भराव पडले. मासळी उणावली, आणि कोळ्यांच्या पुढच्या पिढीनें नोकरीची वाट धरली. आज कोपरींत सांडपाणी शुद्ध करण्याचें केंद्र आहे, ही समाधानाची गोष्ट. पण जें पाणी केंद्रापर्यंत पोंचतच नाहीं त्यास तें काय करणार? दुसरीकडे २०१५ सालीं सुमारें १,६९० हेक्टर तिवरें व पाणी मिळून रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य जाहीर झालें, आणि २०२२ सालीं ठाण्याच्या खाडीस रामसर करारान्वयें जागतिक महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळालें. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गुलाबी थवे चिखलांत चरतांना दिसतात. परदेशच्या विद्वानांस जिची थोरवी कळली ती खाडी कोपरीच्या मुलांस केवळ दुर्गंधीच्या नांवानें माहीत असावी, हें शोभण्यासारखें नाहीं.

कायदा व महानगरपालिका आपापलें काम करोत. घराचें कामही कांहीं थोडें नाहीं. निर्माल्य पिशवीसह पाण्यांत न टाकणें, मूर्ति मातीची आणणें, मुलांस एखाद्या पौर्णिमेस पंचांग काढून भरतीचा तास स्वतः काढावयास लावणें आणि मग काठावर नेऊन तो पडताळून दाखविणें, एवढें तर कोणत्याही कुटुंबास साधेल. पूर्वी बांध फुटला कीं सारें गांव धांवत असे, कारण त्याच्या मागें प्रत्येकाचें शेत होतें. आज बांधामागें शेत राहिलें नाहीं, म्हणून बांध राखण्याची संवयही मोडली. शेत नसलें तरी खाडी आहेच, आणि पूर्वी तिचा लाभ एका गांवास होत असे, तो आतां लक्षावधि लोकांच्या श्वासास व पावसाळी पाण्याच्या निचऱ्यास होत आहे. कोपरी गांव राहील कीं केवळ स्टेशनाची एक बाजू होऊन जाईल, याचा निकाल तिचीं माणसें आपल्या परसदाराकडे किती लक्ष देतात यावर लागेल.