राखीव खेळाडूचा पुढचा हंगाम : अंदाज कसा बांधावा?



दरवर्षी आयपीएल जवळ आली की मधल्या सुट्टीत एकच विषय रंगतो. यंदा कोण किती धावा काढणार? जे खेळाडू पंधरा-पंधरा वर्षे खेळत आहेत, त्यांच्याविषयी फारसा वाद होत नाही. त्यांच्या कामगिरीचा अंदाज सर्वांनाच असतो. वाद पेटतो तो राखीव खेळाडूवरून. कोणी म्हणतो, संधी मिळाली तर तो सर्वांना मागे टाकील. कोणी म्हणतो, त्याला पाणी पाजण्यासाठीच ठेवले आहे. असे होण्याचे कारण सोपे आहे. राखीव खेळाडूविषयी माहिती थोडी असते आणि आशा पुष्कळ असते.

असा अंदाज बांधण्याची एक गणिती रीत आहे. तिला सरासरीपलीकडे काही लागत नाही. ती आपल्याच प्रदेशातील एका खेळाडूच्या उदाहरणाने समजावून घेऊ.

इंदूरचा रजत पाटीदार २०२१ मध्ये बंगळूरूच्या संघाकडून चार सामने खेळला आणि त्याने ७१ धावा केल्या. २०२२ च्या लिलावात त्याला कोणीच घेतले नाही. पुढे त्या संघातील एक खेळाडू जखमी झाला, म्हणून बदली खेळाडू या नात्याने रजतला बोलावणे आले. २५ मे २०२२ रोजी कोलकात्याला लखनौविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा केल्या. पुढच्याच महिन्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध १२२ धावा करून मध्य प्रदेशला पहिले विजेतेपद मिळवून देण्यातही त्याचा वाटा राहिला. त्या संघाचे प्रशिक्षक आपले चंद्रकांत पंडित होते, हे सर्वांना ठाऊक आहेच.

आता प्रश्न असा की, २०२२ च्या शेवटी त्याच्या पुढच्या आयपीएलचा अंदाज काय बांधायचा? त्या हंगामात त्याने ३३३ धावा केल्या होत्या आणि तो सहा वेळा बाद झाला होता. म्हणजे सरासरी ५५.५. चाहते साहजिकच म्हणाले, आता दर हंगामाला पन्नासची सरासरी ठरलेली! पण जरा थांबा. त्यातील ११२ धावा एकाच संध्याकाळच्या आहेत. तेवढी एक खेळी बाजूला काढली तर उरतात २२१ धावा आणि सरासरी येते सुमारे ३७. एका खेळीने सरासरी जर इतकी हलत असेल, तर त्या सरासरीवर फार भार टाकता येत नाही.

म्हणून पहिली पायरी अशी : फक्त शेवटचे वर्ष धरू नका, मागचेही मिळवा. २०२१ मध्ये तो चार वेळा बाद झाला होता. दोन्ही वर्षांच्या मिळून ४०४ धावा आणि दहा वेळा बाद. सरासरी ४०.४.

दुसरी पायरी : त्यात एका साधारण फलंदाजाचा हिशेब मिसळा. समजा, साधारण फलंदाज दर बाद होण्यामागे २५ धावा करतो. अशा दहा वेळांच्या २५० धावा आपण पाटीदारच्या खात्यात मांडू. एकूण ६५४ धावा आणि वीस वेळा बाद. सरासरी ३२.७. हा झाला आपला अंदाज.

घडले काय? २०२३ मध्ये टाचेच्या दुखापतीमुळे तो एकही सामना खेळला नाही. २०२४ मध्ये त्याने ३९५ धावा केल्या आणि सरासरी होती ३०.४. आपला अंदाज चाहत्यांच्या अंदाजापेक्षा बराच जवळ आला. २५ आणि दहा हे आकडे आम्ही समजावण्यासाठी निवडले आहेत. एका उदाहरणाने रीत सिद्ध होत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे.

हे मिसळणे कशासाठी, असे मुले विचारतील. थोड्या सामन्यांच्या आकड्यांत खेळाडूचे कसब असते, तसा नशिबाचाही भाग असतो. सुटलेला झेल, सोपी खेळपट्टी, थकलेला गोलंदाज. सामने वाढत जातात तसा नशिबाचा भाग विरत जातो आणि कसब उरते. ज्याचे तीनशे सामने झाले आहेत, त्याच्या खात्यात दहा साधारण खेळ्या मिसळल्या तरी काही फरक पडत नाही. ज्याचे पाचच झाले आहेत, त्याचा आकडा मात्र लगेच साधारणाकडे सरकतो. आपल्याकडचा धान पिकवणारा शेतकरी हे जाणतो. एका वर्षी बांधीत भरघोस पीक आले म्हणून तो पुढच्या वर्षी तेवढेच धरून कर्ज काढत नाही.

अमेरिकेत बेसबॉलच्या राखीव खेळाडूंविषयी असेच अंदाज दर हंगामापूर्वी बांधले जातात. तेथील ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या हंगामातील १८ खेळाडू घेतले. प्रत्येकाला चेंडू मारण्याच्या पहिल्या ४५ संधींत किती यश आले ते पाहिले आणि त्यावरून उरलेल्या हंगामाचा अंदाज केला. प्रत्येकाचा आकडा जसाच्या तसा न घेता सर्वांच्या सरासरीकडे ओढला, तेव्हा एकूण चूक एक-तृतीयांशाहूनही कमी झाली. मात्र रॉबर्टो क्लेमेंटे या खेळाडूच्या बाबतीत ही ओढ जास्त झाली. त्याचे सुरुवातीचे यश ०.४०० होते, ते ओढून ०.२९४ केले आणि प्रत्यक्षात उरलेल्या हंगामात आले ०.३४६. क्लेमेंटे हा काही नवखा नव्हता, अनेक वर्षे गाजलेला खेळाडू होता. जुनी नोंद असेल तर ती वापरलीच पाहिजे, हा धडा त्यातून मिळतो.

ही रीत उलट्या बाजूनेही तितकीच खरी आहे. २०२४ च्या सुरुवातीला पाटीदारला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळण्याची संधी मिळाली. तीन सामन्यांत सहा डावांत त्याच्या ६३ धावा झाल्या. पुष्कळांनी त्याच्या नावावर काट मारली. सहा डाव म्हणजे किती थोडे, हे कोणी पाहिले नाही. त्याच वर्षीच्या आयपीएलचे आकडे वर दिले आहेत. ३ जून २०२५ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली बंगळूरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली. त्या हंगामात त्याची स्वतःची सरासरी २४ होती. नेतृत्वाचे गुण धावांच्या सरासरीत दिसत नाहीत, एवढे त्यावरून समजावे.

आता आपल्या शाळेकडे वळू. एका घटक चाचणीत मुलाला दहापैकी तीन गुण मिळाले की घरी सांगितले जाते, 'याला गणित जमणार नाही.' दुसऱ्याला दहापैकी दहा मिळाले की त्याला लगेच इंजिनियर ठरवले जाते. दोन्ही अंदाज एकाच खेळीवरचे आहेत. पालकांना आमची विनंती आहे की, निदान दोन वर्षांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून मगच मुलाविषयी बोलावे.

शाळेच्या संघाविषयीही एक गोष्ट आम्ही ठरवली आहे. पंधरा जणांच्या यादीतील बाराव्यापासून पंधराव्यापर्यंतच्या प्रत्येक मुलाला वर्षात किमान तीन पूर्ण सामने खेळायला मिळतील. एका सामन्यात शून्यावर बाद झाला म्हणून कोणालाही वगळले जाणार नाही. यामुळे एखादा सामना आपण हरूही. पण गणित सांगते की, संधीच दिली नाही तर राखीव मुलाची नोंद तयार होत नाही आणि नोंद नसेल तर आपण त्याला कायम 'साधारण' म्हणूनच धरत राहू. पाटीदारला दुसऱ्याच्या दुखापतीमुळे मैदान मिळाले. आपल्या मुलांना मैदान मिळण्यासाठी कोणाचा पाय मोडण्याची वाट पाहावी लागू नये.

मुलांनी पुढच्या आयपीएलपूर्वी एक राखीव खेळाडू निवडावा, वरील दोन पायऱ्यांनी त्याची सरासरी काढावी आणि तो कागद गणिताच्या शिक्षकांकडे जमा करावा. हंगाम संपल्यावर सर्व कागद वर्गात उघडून पाहू.