'टाइम' या इंग्रजी शब्दाचे इटालियन भाषांतर

इंग्रजीतील 'टाइम' हा शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. इटालियनमध्ये मात्र त्याला एकच प्रतिशब्द नाही. कोशात प्रथम 'तेम्पो' आढळतो आणि नवशिका भाषांतरकार तोच सर्वत्र योजतो. 'तेम्पो' म्हणजे सरणारा काळ. परंतु हवामानालाही हाच शब्द आहे. 'के तेम्पो फा?' असे विचारल्यास उत्तर ऊन-पावसाचे मिळेल. किती वाजले हे विचारावयाचे तर 'के ओरा ए?' असेच म्हणावे लागते. निघण्याची वेळ झाली, येथेही 'ओरा'च.

खरी अडचण पुढेच आहे. औषध दिवसातून तीन वेळा घ्यावयाचे, तर तेथे 'त्रे व्होल्ते' हवे. 'व्होल्ता'चे नाते वळणे, फिरणे या अर्थाच्या क्रियापदाशी आहे. आपली 'खेप' त्याच्या बरीच जवळची. त्याऐवजी 'त्रे तेम्पी' लिहिले तर वाचकास संगीतातील तीन मात्रा आठवतील. (फुटबॉल सामन्याच्या अर्ध्या भागासही 'तेम्पो'च म्हणतात.) औषधाच्या चिठ्ठीवर असा घोटाळा परवडणारा नाही. तीन गुणिले दोन म्हणताना तर तिन्ही शब्द बाजूला राहून 'पेर' येतो.

मराठी भाषिकास हा भेद परका नाही. 'माझा वेळ गेला' यातील पुल्लिंगी वेळ म्हणजे 'तेम्पो'; 'गाडीची वेळ झाली' यातील स्त्रीलिंगी वेळ म्हणजे 'ओरा'; 'तीन वेळा' म्हणजे 'व्होल्ते'. इंग्रजी वाक्य आधी मराठीत मांडून पाहिल्यास योग्य शब्द बहुधा सापडतो. बहुधाच, कारण 'त्या वेळी' हे मराठीत स्त्रीलिंगी असले तरी इटालियन माणूस तेथे 'ओरा' न वापरता 'आ क्वेल तेम्पो' किंवा नुसते 'आल्लोरा' म्हणतो.