माथेरानच्या चढावरचं गणित

दस्तुरी नाक्यावर गाडी उभी केली की त्यापुढे माथेरानमध्ये पेट्रोल-डिझेलला मज्जाव आहे. रुग्णवाहिकेचा अपवाद सोडला तर, ई-रिक्षा येईपर्यंत बाजारपेठेपर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची वाट पायी, घोड्यावर, मिनी ट्रेनने नाहीतर हातरिक्षाने काटावी लागे. हातरिक्षा म्हणजे माणसाने बसायचं आणि माणसांनीच ओढायचं. पुढे दांडे धरलेला एक जण, मागून ढकलणारे एक किंवा दोघे. लाल मातीत रुतणारी चाकं आणि चढ आला की वाढणारा श्वास.

एका प्रवाशासाठी तीन माणसं का लागतात? उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. गाडी आणि प्रवासी मिळून १५० किलो वजन धरू. वीस मीटर चाललं की एक मीटर वर नेणारा चढ, आणि भुसभुशीत मातीचा विरोधही साधारण तेवढाच. सावकाश, सेकंदाला एक मीटर चालीनेही गाडीसाठी सुमारे १५० वॅट शक्ती लागते. ओढणाऱ्यांना स्वतःची शरीरंही वर न्यायची असतात. तिघांचं मिळून १८० किलो धरलं तर आणखी ९० वॅट. एकूण २४०, म्हणजे माणशी ८०. आणि दिवसभर कष्ट करणारा धडधाकट माणूस सलग देऊ शकतो ती शक्ती ७५ वॅटच्या आसपास असते. म्हणजे तिघे मिळूनही शरीराच्या मर्यादेवरच काम करतात. दोघेच असले, तर मर्यादेपलीकडे. शिवाय आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा कामात आणतात, उरलेली उष्णता होऊन घामावाटे जाते. हातरिक्षावाल्याचा भिजलेला सदरा हा त्या हिशेबाचाच भाग आहे.

आता तिथे ई-रिक्षा ठेवून पाहू. चालक, प्रवासी, बॅटरी धरून ७०० किलो. तोच चढ, ताशी १५ किलोमीटर वेग. मातीच्या वाटेवर जवळपास तीन किलोवॅट लागतील, पक्क्या वाटेवर दोन. तीन किलोमीटर अखंड चढ आहे असं मानलं तरी पक्क्या वाटेवरच्या एका खेपेला, मोटारीतलं आणि बॅटरीतलं नुकसान धरून, साधारण अर्धा युनिट वीज पुरते. घरातला पंखा सात तास चालतो, तेवढीच. विजेच्या मोटारीचा आणखी एक गुण डोंगरात फार मोलाचा आहे: उभ्या जागेवरून निघतानाच ती पूर्ण जोर देते. इंजिनाला तो जोर येण्यासाठी आधी फेरे वाढवावे लागतात. उतारावर तीच मोटार जनित्र होते, चाकांना आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही परत येणारी वीज घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून डोंगरगावात चार्जिंगची जागा चढाच्या कोणत्या टोकाला आहे, यालाही महत्त्व असतं.

तीन किलोवॅट आणि दोन किलोवॅट यांतला फरक वाटेचा आहे, आणि माथेरानमधला मोठा वादही वाटेवरूनच झाला. २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील परिसर म्हणून जाहीर झालेला हा डोंगर. पावसाचं पाणी मातीत मुरलं पाहिजे, म्हणून वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवायला विरोध होता. घोड्यांचे पाय घसरतात, हीही तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉकना मुभा दिली, आतल्या वाटांवर मनाई केली. मला हा निर्णय योग्य वाटतो. वाहनासाठी डोंगर बदलायचा असेल, तर तो कमीत कमी बदलावा.

कार्बनचा हिशेबही सरळ मांडला पाहिजे. इतर शहरांत ई-रिक्षा पेट्रोलची जागा घेते, इथे ती माणसाच्या श्रमाची जागा घेते. आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, त्यामुळे धूर माथेरानमध्ये नसला तरी कुठल्यातरी औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो. वाहन विजेचं झालं म्हणून निर्मळ झालं असं नाही, वीज कुठून येते त्यावर ते ठरतं. तरीही ही ई-रिक्षा मला हवी आहे. जड ओझं माणसाच्या छातीवरून उतरवायला अर्धा युनिट वीज ही फारच थोडी किंमत आहे.

ई-रिक्षाची ही मागणी हातरिक्षावाल्यांचीच होती. न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात प्रयोगाला परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा धावू लागल्या. परवानाधारक हातरिक्षावाले मात्र ९४. ई-रिक्षा मोजक्या आणि हक्कदार पुष्कळ, त्यामुळे त्या कुणाला मिळाव्यात हा प्रश्न पुन्हा कोर्टात गेला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा ही अमानुष प्रथा ठरवली, ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितली, आणि गुजरातमधल्या केवडियासारखी योजना करून ई-रिक्षा खऱ्याखुऱ्या हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्या, निधी नाही ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. घोडेवाल्यांची धास्तीही खोटी नाही. प्रवासी ई-रिक्षात बसला की त्यांची खेप जाते, आणि घोड्याला चारा तर रोज लागतो. त्यांच्यासाठीही असाच विचार व्हायला हवा.

मोटार, बॅटरी, चार्जर या गोष्टी पैसे मोजले की मिळतात. कठीण काम असतं ते जुन्या वाहनावर पोट असलेल्या माणसाला नव्या वाहनाच्या सुकाणूवर बसवण्याचं. त्याला परवाना हवा, प्रशिक्षण हवं, परवडणारं भाडं हवं, आणि बॅटरी संपेल तेव्हा ती बदलायचा खर्च कोण करणार याचं उत्तर आधीच हवं. तुमच्या गावात, शहरात ई-रिक्षा किंवा ई-बस येईल, तेव्हा तिच्या स्वागताला जरूर जा. फक्त तिथल्या अधिकाऱ्यांना एवढं विचारा: आधी या रस्त्यावर जो राबत होता, त्याचं नाव तुमच्या यादीत आहे का?