पायाच्या शोरब्याला ती लज्जत येते कुठून?

रात्रभर मंद आचेवर ठेवलेला पाया, यखनीची बिर्याणी, ईदचा मटण रस्सा. या सगळ्यांत एक चव अशी असते की ती गोड नाही, आंबट नाही, खारट नाही, कडूही नाही. आपण तिला 'लज्जत' म्हणतो आणि पुढचा घास घेतो. शास्त्रज्ञ तिला 'उमामी' म्हणतात.

१९०८ मध्ये टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट हा घटक वेगळा काढला आणि या चवीला हे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्याची पांढरी भुकटी 'अजिनोमोटो' नावाने बाजारात आली.

ग्लुटामेट मांस, डाळ, दूध अशा प्रथिनांच्या पदार्थांत असतेच. पण प्रथिनांच्या साखळीत अडकलेले असेपर्यंत जिभेला ते कळत नाही. पदार्थ पिकला, आंबला किंवा मुरला की ते सुटे होते आणि चव लागते. आईच्या दुधातही सुटे ग्लुटामेट भरपूर असते, म्हणजे बाळाची या चवीशी ओळख पहिल्या दिवसापासूनच होते. मटणात आणखी एक घटक असतो, इनोसिनेट. तो आणि ग्लुटामेट एकत्र आले की चव नुसती बेरजेने नाही, कित्येक पटींनी वाढते. मटणाच्या रश्शात टोमॅटो पडला की रस्सा का खुलतो, याचे उत्तर इथे आहे.

संगमनेर-अकोले भागात टोमॅटोची कमी नाही. टोमॅटो जसा पिकतो तसे त्यातले ग्लुटामेट वाढते, आणि बियांभोवतीच्या गरात ते सर्वात जास्त असते. बिया काढून गर फेकून दिला तर चवच फेकली जाते.

मग अजिनोमोटो वाईट का मानतात? २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली, तेव्हा शिसे आणि 'एमएसजी नाही' हे लेबल असे दोन मुद्दे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. पण 'एमएसजी म्हणजे विष' हा समज मागे राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८७ मध्येच ते नेहमीच्या वापरात सुरक्षित मानले आहे. काही जणांना जास्त प्रमाणात घेतल्यावर डोकेदुखीसारखा त्रास जाणवतो. त्यांनी ते टाळावे.

दुसरा प्रश्न हलालचा. आज ही भुकटी उसाच्या मळीसारख्या गोड कच्च्या मालावर जिवाणू वाढवून करतात. तीच मळी, जी आपल्याकडच्या साखर कारखान्यांतून निघते. मग अडचण कुठे? २०००-०१ मध्ये इंडोनेशियात हे जिवाणू जोपासण्याच्या प्रक्रियेत डुकरापासून मिळालेले एन्झाइम वापरल्याचे समोर आले. उलेमांच्या परिषदेने आक्षेप घेतला, माल परत मागवला गेला आणि कंपनीला ते एन्झाइम बदलावे लागले. म्हणून पाकिटावर हलाल चिन्ह पाहावे, शंका असेल तर आलिमांना विचारावे.

आमच्या मते खरी काळजी मिठाची आहे. आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही, इतके मीठ पुरे. घरात अब्बा किंवा दादींना बीपी असेल तर डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, आणि मग 'जेवणाला चवच नाही' म्हणून ताट मागे सारले जाते. इथे उमामी कामाला येते. यखनी निवांत शिजू द्या, पूर्ण पिकलेले टोमॅटो गरासकट घाला, आणि मीठ शेवटी, चाखून, थोडे कमीच टाका. जिभेला कमतरता फारशी जाणवत नाही.

तयार मसाला क्यूब आणि नूडल्सच्या पुडीत मात्र भरपूर मीठ असते. ती वापरली तर वरून मीठ घालू नका, आणि पाकिटावरचा सोडियमचा आकडा जरूर वाचा.