जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवरचा गोळा

जुनी गाडी दिसली की आपण आधी बॉनेट उघडायला सांगतो. मी हल्ली आधी स्टिअरिंग पाहतो. इंजिनावरून गाडी कोणत्या कारखान्यात बनली ते कळते, पण ती कोणी आणि कशी चालवली हे स्टिअरिंगवरून कळते. आजोबांची १९६८ ची फियाट ११०० आनेकलच्या घरी शेडमध्ये आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती साफ करताना ज्या खुणा ओळखायला शिकलो, त्या इथे देत आहे.

पहिली खूण गुंडाळलेल्या वायरची. जुन्या स्टिअरिंगच्या आत लोखंडी कडे आणि वर कडक प्लॅस्टिकसारखे आवरण असे. उन्हाने ते तडकते. मग लोक खुर्च्या विणायची रंगीत प्लॅस्टिक वायर त्यावर गुंडाळत. पूर्ण चाकावर वायर असेल तर ती बहुधा हौस किंवा पकड. एकाच ठिकाणी असेल तर खाली तडा आहे का ते पाहावे.

दुसरी खूण हॉर्नची. मधले बटण बिघडले की डॅशबोर्डवर घरातल्या बेलचे बटण बसवलेले दिसते.

तिसरी खूण लहान चाकाची. रेसिंग गाडीसारखे दिसावे म्हणून काहीजण मूळ चाक बदलतात. पण या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हते, म्हणूनच चाक मोठे असे. भौतिकशास्त्रात शिकलेला बलाचा आघूर्ण इथे उपयोगी पडतो. ४० सेंटिमीटर व्यासाचे चाक काढून ३२ सेंटिमीटरचे बसवले, तर तेवढ्याच वळणासाठी सव्वापट जोर लावावा लागतो.

चौथी आणि सर्वांत विचित्र खूण म्हणजे कड्यावर बसवलेला फिरता गोळा. याला नॉब म्हणतात. नॉब कड्यावरच असल्याने जोर कमी लागत नाही. फायदा वेगळाच आहे: हात न सोडता एकाच हाताने चाक पूर्ण फिरवता येते. आनेकल तालुक्यात तो दोन ठिकाणी पाहायला मिळतो, शेतातल्या ट्रॅक्टरवर आणि जिगणी-बोम्मसंद्रच्या कारखान्यांतल्या फोर्कलिफ्टवर. फोर्कलिफ्टवाल्याचा उजवा हात माल उचलायच्या लिव्हरवर असतो, म्हणून नॉब डाव्या हाताखाली असतो.

कारमध्ये नॉब सापडला तर चाके सरळ करून त्याची जागा बघा. उजवीकडे असेल तर चालक उजव्या हाताने चाक फिरवून डाव्या हाताने गिअर टाकत असणार. आमच्या फियाटमध्ये तो डावीकडे आहे, घड्याळातल्या दहाच्या जागी. या गाडीचा गिअरही स्टिअरिंगच्या दांड्यालाच, डाव्या बाजूला असतो. म्हणजे चाक आणि गिअर ही दोन्ही कामे डावा हातच करत होता. आजोबा फौजेत होते. तिथल्या दुखापतीनंतर त्यांच्या उजव्या मनगटात पकड राहिली नाही. एका मेकॅनिकने ट्रॅक्टरचा नॉब पट्टीने आवळून बसवून दिला, आणि त्यानंतर आजोबांनी १९ वर्षे गाडी चालवली.

नॉब धोक्याचाही आहे. वळण संपल्यावर चाक वेगाने परत फिरते, तेव्हा तो मनगटावर आपटतो किंवा बाहीत अडकतो. जुनी जीप चालवताना अंगठे कड्याच्या आत घालू नका असे सांगतात, त्याचेही कारण असेच आहे. पुढचे चाक दगडावर आदळले की स्टिअरिंग झटका देते आणि आरा अंगठ्यावर बसतो. अमेरिकेत या नॉबला ब्रोडी नॉब म्हणतात. १८८६ मध्ये ब्रुकलिन पुलावरून उडी मारल्याचा दावा करणाऱ्या स्टीव्ह ब्रोडीचे हे नाव! म्हणून आज असा बदल घरच्या घरी करू नये. गरज असेल तर आरटीओची मंजुरी घेऊनच करावा.

आता प्रश्न असा, की गाडी दुरुस्त करताना नॉब काढायचा का? २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. काकांना तशी नोंदणी करायची आहे, म्हणून त्यांना नॉब नको. माझे मत वेगळे आहे. त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या बदलांवर बोट ठेवले आहे. शिवाय आमचा नॉब भोक न पाडता बसवलेला आहे, तो केव्हाही काढता-घालता येतो. शेवटी असे ठरले की नोंदणीच्या वेळी नॉब काढायचा, पण त्याआधी जागा मोजून फोटो घ्यायचे आणि तो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवायचा.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर पान्हा हातात घेण्याआधी एवढे जरूर करा: खुणा टिपून घ्या आणि ती चालवणाऱ्याला विचारा. चाक नवे मिळेल, पण ते कोणासाठी आणि का बदलले होते हे सांगणारे माणूस नेहमीच भेटेल असे नाही.