संगणकाच्या पडद्याची मांडणी : कार्यप्रणाली बदलल्यानंतर

शाळा जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत गेली म्हणजे पहिले चार दिवस कोणाला काही सापडत नाही. हजेरीपट तोच असतो, घंटा तीच असते, खडूची पेटीही तीच असते; परंतु हात सवयीने जुन्या जागेकडे जातो आणि रिकामा परत येतो. शाळेतील संगणकाची कार्यप्रणाली बदलली म्हणजे नेमकी हीच स्थिती होते.

ज्या शाळांत विंडोज १० ही कार्यप्रणाली वापरात होती, त्यांतील पुष्कळ शाळांवर हा प्रसंग येऊन गेला आहे किंवा यावयाचा आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालेली असून, ज्या यंत्रांची क्षमता पुरेशी आहे ती यंत्रे आता तिच्यावर नेली जात आहेत. तंत्रज्ञ एका दुपारी हे काम आटोपून निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षक यंत्रासमोर बसतात, तेव्हा ओळखीचा पडदा अनोळखी झालेला असतो.

अशी एक द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. तेथील गुरुजी दोन वर्षांनी सेवानिवृत्त होणार आहेत. चष्म्याचा नंबर वाढलेला आहे. पोषण आहाराचा हिशेब आणि शाळा सोडल्याचे दाखले संगणकावर करावयास ते मोठ्या चिकाटीने शिकले. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातील खूण दाबावयाची, उघडलेल्या यादीतील तिसरा चौकोन निवडावयाचा, असे त्यांनी पाठ केलेले. आता कोपऱ्यात ती खूण नाही आणि यादीत तो चौकोनही नाही. दारात एक पालक दाखल्यासाठी ताटकळत उभा आहे. गुरुजी दोन वेळा खटपट करतात, कपाटातून कागदी नोंदवही काढतात आणि यंत्रावर पुन्हा कापड पडते. यंत्रात बिघाड काहीच नाही, तरी शाळेच्या दृष्टीने ते बंदच पडले.

हे टाळण्यासाठी तंत्रज्ञाची गरज नाही. पडद्याची मांडणी आपल्या कामाला सोयीची करून घेणे हे सुमारे अर्ध्या तासाचे काम असून, ते कोणत्याही शिक्षकाला करता येते.

मेजाची कल्पना

संगणकाच्या मुख्य पडद्याला डेस्कटॉप, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, असे म्हणतात. या नावामागे इतिहास आहे. पूर्वी संगणकाला प्रत्येक आज्ञा अक्षरांत टंकून द्यावी लागे, व त्या आज्ञा पाठ असाव्या लागत. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्याला माउस होता आणि पडद्यावर चित्रे उमटत. १९८१ मध्ये त्याच कंपनीने स्टार हे यंत्र विक्रीस आणले. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, टपालाची टोपली अशा कचेरीतील वस्तूंची लहान चित्रे मांडलेली होती. मेजावरचा कागद उचलावा, तसे पडद्यावरील चित्र निवडावे, ही त्यामागील कल्पना. १९८४ मध्ये ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाने ती लोकांपर्यंत नेली, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने स्टार्टची कळ व पडद्याच्या तळाशी असणारी टास्कबारची पट्टी रूढ केली.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पडदा हे मेज आहे, आणि मेजावर काय कोठे ठेवावयाचे हे त्या मेजावर काम करणाऱ्याने ठरवावयाचे असते. कंपनी जी मांडणी करून देते ती जगातील सर्वांसाठी सारखी असते. आपल्या शाळेच्या कामाची तिला माहिती नसते.

काय बदलते आणि काय बदलत नाही

विंडोज ११ मध्ये स्टार्टची खूण व तिच्या सोबतच्या खुणा टास्कबारच्या मध्यभागी येतात. विंडोज १० च्या स्टार्ट यादीत मांडलेले चौकोन नव्या यादीत येत नाहीत. फाइलवर माउसची उजवी कळ दाबली असता उघडणारी यादी आखूड झालेली असते. पूर्वीची पूर्ण यादी हवी असल्यास 'शो मोअर ऑप्शन्स' ही ओळ निवडावी लागते.

याउलट, जुन्या प्रणालीवरच नवी प्रणाली चढवलेली असून वैयक्तिक फाइली राखण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर दाखले, हिशेब, छायाचित्रे इत्यादी सर्व जागच्या जागी असते. मात्र डिस्क कोरी करून प्रणाली नव्याने बसवली, तर आधी प्रत काढून न ठेवलेले सर्व जाते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. एक, शाळेची सर्व कागदपत्रे पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर उतरवून, ती उघडतात की नाही हे पाहावे. दोन, जुन्या पडद्याचे व स्टार्ट यादीचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. पुढची मांडणी करताना हे छायाचित्र नकाशासारखे उपयोगी पडते.

मांडणीचा क्रम

१. स्टार्टची जागा. 'सेटिंग्ज' उघडून 'पर्सनलायझेशन' व त्यात 'टास्कबार' येथे जावे. 'टास्कबार बिहेवियर्स' या भागात खुणांची जागा डावीकडे करण्याची सोय आहे. हा एकच बदल केला तरी जुन्या सवयीच्या माणसाची निम्मी अडचण दूर होते.

२. नेहमीची कामे. रोज लागणारी तीन-चार कामेच टास्कबारवर ठेवावीत. स्टार्ट यादीतील त्या कामाच्या खुणेवर उजवी कळ दाबून 'पिन टू टास्कबार' निवडले म्हणजे खूण तेथे कायम राहते. जी खूण नको असेल ती त्याच रीतीने काढता येते. पट्टीवर पंधरा खुणा दाटल्या तर नेमकी हवी ती नजरेला पडत नाही.

३. अक्षरांचा आकार. 'सेटिंग्ज' मधील 'ॲक्सेसिबिलिटी' येथे 'टेक्स्ट साइझ' हा पर्याय आहे. तेथील सरकती खूण पुढे नेल्यास अक्षरे १०० टक्क्यांपासून २२५ टक्क्यांपर्यंत मोठी होतात. अक्षरांसह सगळेच मोठे दिसावयास हवे असल्यास 'सिस्टिम' मधील 'डिस्प्ले' येथे 'स्केल' वाढवावे. माउसचा बाण चटकन दिसत नसेल तर तोही मोठा व रंगीत करता येतो. चष्मा लावणाऱ्या शिक्षकाला आणि मागच्या ओळीतून पडद्याकडे पाहणाऱ्या मुलालाही याचा लाभ होतो.

४. मराठी लेखन. 'टाइम अँड लँग्वेज' या विभागातील 'लँग्वेज अँड रीजन' येथे मराठी भाषा जोडता येते. तिच्यासोबत दोन प्रकारचे कळफलक मिळतात. इन्स्क्रिप्ट हा भारत सरकारने प्रमाणित केलेला असून त्यात प्रत्येक मराठी अक्षराची कळ ठरलेली असते. दुसरा फोनेटिक, त्यात रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टंकले असता देवनागरी अक्षर उमटते. ज्याला जो येतो तो ठेवावा. दुसऱ्यावर लादू नये. इंग्रजीतून मराठीत जाण्यासाठी विंडोजची कळ धरून स्पेसची कळ दाबावी. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली पत्रे नव्याने बसवलेल्या प्रणालीत रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसतात. ती बिघडलेली नसतात; तो फॉन्ट पुन्हा बसवला म्हणजे वाचता येतात.

५. मेज आवरणे. पडद्यावर सुट्या फाइलींचा पसारा असेल तर तो आवरण्याची हीच वेळ होय. 'दाखले', 'पोषण आहार', 'हजेरी', 'मुलांचे काम' असे मोजके फोल्डर करून त्यांना मराठी नावे द्यावीत. कोऱ्या जागी उजवी कळ दाबून 'व्ह्यू' येथून खुणा मोठ्या करता येतात. तेथे 'ऑटो अरेंज' चालू असेल तर खुणा आपल्या मनाप्रमाणे ठेवता येत नाहीत, म्हणून ते बंद करावे. मग शिक्षकांच्या कामाचे फोल्डर डावीकडे व मुलांच्या कामाचे उजवीकडे, अशी वाटणी करता येते.

६. पार्श्वचित्र. बहुतेक लोक मांडणीला येथून आरंभ करतात. वास्तविक हे काम शेवटचे आहे. 'पर्सनलायझेशन' मधील 'बॅकग्राउंड' येथे शाळेचे किंवा गावाचे छायाचित्र लावता येते. चित्र निवडताना एक कसोटी लावावी. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीवरील हिरवी टेकडी व निळे आकाश पुष्कळांना आठवत असेल. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात ते छायाचित्र टिपले होते. त्यात टेकडी व आकाश यांवाचून जवळजवळ काही नाही, त्यामुळे त्यावरील प्रत्येक खूण उठून दिसे. स्नेहसंमेलनातील शंभर चेहऱ्यांचे छायाचित्र कितीही प्रिय असले, तरी त्यावर दाखल्यांचा फोल्डर शोधणे कठीण जाते. ते भिंतीवर लावावे. पडद्यावर मोकळे मैदान बरे. सर्व मनासारखे झाले म्हणजे 'थीम्स' येथे रंग व पार्श्वचित्र यांची जुळणी नाव देऊन जतन करावी.

सावधगिरी

पार्श्वचित्र व रंग बदलण्याचे पर्याय निष्क्रिय दिसत असतील, तर प्रणालीचा परवाना सक्रिय झालेला नाही असे समजावे व ज्याने प्रणाली बसवली त्याच्याकडून ते काम पूर्ण करून घ्यावे.

वनड्राइव्ह या सेवेविषयी विशेष जागरूक असावे. ती चालू असून तिच्यात डेस्कटॉपची प्रत ठेवण्याचा पर्याय निवडला गेला, तर डेस्कटॉपवरील फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातात व इंटरनेटद्वारे कंपनीच्या साठ्यात चढवल्या जातात. विनामूल्य जागा ५ जीबी एवढीच असते. मुलांच्या जन्मतारखा, पालकांची नावे व त्यांचे क्रमांक शाळेच्या कागदपत्रांत असतात. ती कोठे ठेवावयाची हे शाळेने समजून उमजून ठरवावे. न वाचता दाबलेल्या एका कळीवर ते सोडू नये.

जुन्या प्रणालीवर नवी चढवली असता काही आवश्यक काम चालेनासे झाले, तर सामान्यतः पहिल्या १० दिवसांत 'सिस्टिम' मधील 'रिकव्हरी' येथून जुन्या प्रणालीवर परत जाता येते. म्हणून दाखला छापणे, हिशेब उघडणे, प्रोजेक्टर जोडणे ही सर्व कामे पहिल्याच आठवड्यात एकदा करून पाहावीत. मुदत टळल्यावर अडचण लक्षात आली तर हा मार्ग उरत नाही.

मांडणी कोणाच्या सोयीने ?

शाळेचा संगणक एकट्याचा नसतो. प्रत्येकासाठी निराळे खाते उघडले तर प्रत्येकाचा डेस्कटॉप व अक्षरांचा आकार निराळा राहतो, आणि मुलांच्या खात्यावरून शिक्षकांच्या कागदपत्रांना धक्का लागत नाही. मुलांसाठी स्वतंत्र खाते असणे म्हणूनच इष्ट. परंतु शिक्षकांचे खाते सामाईक असेल, तर मांडणी कोणाच्या सोयीने करावयाची हा प्रश्न उरतो. ज्याला संगणक उत्तम येतो त्याला कोणतीही मांडणी चालते. तो शोधून काढतो. ज्याची नजर अधू आहे, ज्याचा हात यंत्रावर बिचकतो, त्याला शेजारी बसवून, त्याला विचारून मांडणी करावी. वर्गात फळ्यावरचे अक्षर आपण शेवटच्या रांगेतील मुलाच्या दृष्टीने काढतो. हा नियमही तोच आहे.

एकदा ठरलेली मांडणी पुन्हा पुन्हा बदलू नये. ती एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून यंत्राशेजारी टांगावी : कोणती खूण कोठे, कोणता फोल्डर कशाचा, भाषा बदलण्याची कळ कोणती. हा पुठ्ठा वरच्या वर्गातील मुलांकडून लिहवून घेतल्यास तो त्यांच्या वाचनलेखनाचा एक चांगला पाठ होईल.

वर वर्णिलेल्या शाळेत बाईंनी गुरुजींना शेजारी बसवून त्या दुपारी एवढे केले असते, तर दारातील पालकाला दाखला वेळेवर मिळाला असता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वयाच्या उतारावर चिकाटीने मिळवलेले एक कौशल्य गुरुजींच्या हातून सुटले नसते. नवी प्रणाली शाळेत पुन्हा केव्हा तरी येईलच. त्या दिवशी यंत्रासमोरची पहिली खुर्ची, जो सर्वांत मागे राहण्याचा संभव आहे त्याला द्यावी.