‘सगळं ठीक आहे ना?’ एवढ्यावर थांबू नका

शिक्षण-नोकरीसाठी घर सोडणे आपल्याकडे नवीन नाही. पूर्वी पोस्टकार्ड येई : ‘आम्ही येथे सुखरूप आहोत, काळजी नसावी.’ आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, समोरच्याचा चेहराही दिसतो. पण मजकूर बराचसा पोस्टकार्डाचाच राहिला आहे.

गेल्या दिवाळीत पुण्याला नोकरी करणारा एक तरुण दवाखान्यात आला. झोप नाही, आम्लपित्त, वजन पाच किलोने कमी. रक्त, लघवी, थायरॉईड, सर्व तपासण्या ठीक होत्या. मी विचारले, ‘‘अरे, जेवायला बरोबर कोण असतं?’’ थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘‘कुणी नाही, डॉक्टरकाका. डबा येतो, मोबाईल बघत जेवतो.’’ घरी सांगितलेस का, या प्रश्नावर उत्तर होते, ‘‘आईला उगाच काळजी.’’

दुसऱ्या बाजूला, मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेऊन मुलीला महिनाभर न कळवणारे गृहस्थही मी पाहिले आहेत. रात्री छातीत दुखू लागले तरी सकाळपर्यंत कुणाला न सांगणारेही असतात. हे लपवणे प्रेमापोटीच असते, पण त्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो.

एकटेपणा केवळ मनाला लागतो असे नाही. तो दीर्घकाळ टिकला की शरीर सतत ताणाखाली राहते, झोप तुटक होते, रक्तदाब वाढण्याची शक्यता असते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो.

मग काय करावे?

१. फोनचा वार व वेळ ठरवून घ्या. सवड मिळेल तेव्हा करू म्हटले की आठवडे निघून जातात.

२. ‘जेवलास का?’ याच्या पुढे एक प्रश्न विचारा : काय जेवलास, कुणाबरोबर? मुलांनीही आईवडिलांना झोप, गोळ्या, रक्तदाबाचा आकडा विचारावा.

३. दुखणे एकमेकांपासून लपवायचे नाही, असे घरात ठरवा. आईवडिलांच्या औषधांची यादी, शेजाऱ्यांचा व डॉक्टरांचा नंबर मुलांजवळ हवा.

४. जुन्या मित्राला काही काम नसताना फोन करा. ग्रुपवर सुप्रभातचे चित्र पाठवल्याने त्याची ख्यालीखुशाली कळत नाही.

५. नव्या गावी निदान एक माणूस जोडा आणि आठवड्यातून एकदा तरी त्याच्यासोबत जेवा. ग्रंथालय, व्यायामशाळा, भजनी मंडळ, कोठेही ओळख होते. परदेशात अनेक ठिकाणी महाराष्ट्र मंडळे आहेत. लंडनचे मंडळ तर १९३२ सालचे आहे.

घराची आठवण येणे हा आजार नव्हे. मात्र झोप व भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. तेथे मराठीतूनही बोलता येते.

त्या तरुणाला मी आम्लपित्ताची गोळी दिली आणि त्याच संध्याकाळी आईजवळ बसून सगळे सांगायला सांगितले. वाचकहो, आपल्या घरचेही कुणी दूर असेल, तर पुढच्या फोनवर ‘सगळं ठीक’ ऐकून लगेच फोन ठेवू नका. आणखी पाच मिनिटे बोला.